भांगातली पत्रं

७८६
शारजा
१४ ऑक्टोबर १९६४

ती. बाबांस मोहिद्दीनचे अनेक सलाम, वि. वि.

आपलं पत्र पोचलं. मी खुशाल आहे. उकाडा आता जरा उतरला आहे. ऑफिसचं काम बरं चाललंय. आमचा शेठ मासळीचा व्यापारी, त्यामुळे रजिस्टरमध्ये सगळी मासळीच. आपल्या सुरमईला इथे कनाद म्हणतात. सुकी मासळी उंटांना खायला घालतात हे आपाला सांगा, म्हणजे तिची सुकवण कोण खातं ते तिला कळेल. साखरतरच्या बायकांनी जन्मभर सुकवली, पण उंटाला जेवण म्हणून कुणी वाढली नसेल.

गेल्या जुम्म्याला रोला नावाच्या इथल्या मोठ्या वडाखाली आपली रत्नागिरीकडची चार माणसं भेटली. तासभर मराठीत बोललो, तेवढंच बरं वाटलं.

एक काम होतं. कुणी इकडे येणारं असेल तर आपल्या कोकमाच्या मुठेलाची एक वडी पाठवावी. इथली हवा कोरडी, हात फुटतात.

बाकी ठीक. माया पातळ होऊ देऊ नये.

आपला मुलगा,
मोहिद्दीन


७८६
साखरतर
२ नोव्हेंबर १९६४

चि. मोहिद्दीन यास जुलेखाआपाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांची नजर आता अगदीच मंदावली, पण कान तिखट आहेत. उंटांचं ऐकून ते हसले. मी मात्र रागावले आहे. चार महिने उन्हात बसून मी मांदेली सुकवते ती उंटासाठी नाही, सांग तुझ्या शेठला.

मुठेल तिकडे निघालेल्या आपल्या गावच्या मुश्ताकबरोबर पाठवलं आहे. पण मला कळत नाही, रजिस्टर लिहून कुणाचे हात फुटतात? की शाईत मीठ घालता तिकडे? तू पूर्वीपासून नाजूक, शाळेत खडूनेसुद्धा तुझी बोटं सोलत. असो. रोज झोपताना चोळ.

आता कामाचं. यंदा मासळी बेताची. यांत्रिक लाँची आल्यापासून आपल्या होडीसारख्यांना उरलंसुरलं मिळतं. बाबांच्या खांद्यात कळ येते, डोल जाळ्याचा दोर ओढवत नाही. खलाशी मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. परवा किनाऱ्यावरून येताना बाबा घाटीच्या चढावर तीनदा बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले की बसलो नव्हतो, समुद्र बघत होतो. ज्या माणसाला माझा चेहरा दिसत नाही तो समुद्र काय बघणार?

खैरुद्दीनचाचा होडी मागत आहेत. बाबा म्हणतात, मोहिद्दीन नाही म्हणाला तर मी विकणार नाही, पण मुलगा साहेब झाला आहे, तो कशाला नाही म्हणेल? जमातीत सगळ्यांना हेच सांगतात, की पोरगा खुर्चीवर बसतो. तू भांडून गेलास, उभ्या जन्मात जाळ्याला हात लावणार नाही म्हणालास, ते सुद्धा आता अभिमानाने सांगतात. तेव्हा काय ते कळव. तुझा होकार आला की होडी जाईल.

लोभ खारवून ठेव, नासू देऊ नकोस.

तुझी,
जुलेखाआपा


७८६
शारजा
२८ नोव्हेंबर १९६४

ती. बाबांस मोहिद्दीनचे अनेक सलाम, वि. वि.

आपाचं पत्र आणि मुठेल दोन्ही मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफी असावी. मधे कामाचा फार रेटा होता, चार-चार दिवस पाठ टेकायला मिळाली नाही. आता भांग आहे म्हणून निवांत बसून लिहितो आहे.

होडी विकून टाकावी. मी पुष्कळ विचार केला. आपण आयुष्यभर ओढलंत, आता पुरे. मला इथे काही कमी नाही, आणि मी परत येऊन होडीवर बसेन असं काही दिसत नाही. खैरुद्दीनचाचांकडे गेली तर निदान समोर दिसत तरी राहील. होडीच्या पुढच्या नाळेवरचा आईच्या हातचा हिरवा रंग त्यांनी खरवडू नये, एवढं मात्र सांगावं.

आपाला म्हणावं, हात बरे आहेत.

आठवण असू द्यावी.

आपला,
मोहिद्दीन


७८६
साखरतर
८ डिसेंबर १९६४

चि. मोहिद्दीन यास हारुनबाबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र मी सांगतो आहे आणि जुलेखा लिहिते आहे. मधेच रडून कागद भिजवू नकोस असं तिला बजावलं आहे.

तू लिहिलंस, भांग आहे म्हणून निवांत बसलो. जुलेखा पुढे वाचत गेली. मी तिला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. बाळा, ऑफिसला भांग कसली? टेबलखुर्चीला भरती-ओहोटी लागते का? भांगाला पाणी मेलेलं असतं, जाळ्याला काम नसतं, तेव्हा निवांत बसतो तो दर्यावरचा माणूस.

मग मी डब्यातली तुझी सगळी पत्रं काढायला लावली. जुलेखाने कॅलेंडर घेतलं. एकेका पत्राचा चांद मोजला. आठवा, तेविसावा, परत आठवा, सगळे भांगाचे. दोन वर्षांत एक पत्र अमावस-पुनवेच्या उधाणातलं नाही. डोळे गेले, पण एवढा हिशेब मला येतो.

मग मुश्ताकच्या बापाला बोलावून शपथ घातली. मुश्ताकने घरी कळवलं होतं. अल खानच्या किनाऱ्यावर खजुराच्या काड्यांचं कुंपण पाण्यात उभं करतात, ओहोटीला आत अडकलेली मासळी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काढतात, आणि तिथे तू आहेस. शेठच्या रजिस्टरमध्ये मासळी आहे हे तू खरंच लिहिलंस. फक्त तू पाण्याकडच्या बाजूला आहेस.

मी रागावलो नाही. मला लाज वाटली, ती माझीच. तू खुर्चीवर आहेस हे मला इतकं हवं होतं, की फुटक्या हातांचं ऐकूनही मी काही विचारलं नाही.

खैरुद्दीनला नाही म्हणून कळवलं. होडी किनाऱ्यावर आहे. इथे काही सोनं पिकत नाही, लाँची आहेत, माझा खांदा गेलेला आहे, तुला खोटी आशा लावत नाही. पण दमायचंच असेल तर आपल्या होडीवर दम. दमून परत येण्यात कमीपणा नाही. न दमल्याचं सोंग करण्यात माणूस जास्त दमतो, हे मी घाटीवर बसून शिकलो.

तुझ्या मर्जीवर आहे. नाही आलास तरी माया तेवढीच. पण पुढचं पत्र खरं लिही.

तुझा,
बाबा

ता. क. मी रडले नाही. हा डाग पाण्याचा आहे. जुलेखा


७८६
शारजा
१९ डिसेंबर १९६४

ती. बाबांस मोहिद्दीनचे अनेक सलाम, वि. वि.

आज चौदावा चांद, शबे-बरात. पाणी चढून पार झोपड्यांपर्यंत आलं आहे. मघाशी आमच्या टोळीचा नाखुदा यल्ला यल्ला करत सगळ्यांना उठवून घेऊन गेला. मी खलास म्हटलं आणि कागद घेऊन बसलो. दोन वर्षांत उधाणाच्या दिवशी मी पहिल्यांदा कोरडा आहे.

मी खोटं लिहिलं. जे हात जाळ्याला लावणार नाही म्हणून भांडलो, तेच हात इथे दुसऱ्याच्या मासळीत घातले, आणि ते तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? फार दमलो आहे, बाबा. एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

बुधवारच्या आगबोटीचं तिकीट मिळालं आहे. इन्शाल्ला रमजानचा चांद घरी बघू. तुम्हाला दिसला नाही तर मी सांगेन.

आपाला सांगा, मुठेल अर्धं उरलं आहे. परत घेऊन येतो आहे. दोराने तुमचेही हात फुटले असतील.

आपला,
मोहिद्दीन