पालथं निजून केलेली प्रार्थना

दादा,

देवानं दिलेलं दुखणं सुईनं काढून घेणाऱ्यानं प्रार्थनेला माझ्या शेजारी बसू नये, असं तू आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात सगळ्यांदेखत म्हणालास. तरी मी काल दवाखान्यात गेलो. मूत्रपिंडावर लिंबाएवढी पाण्याची गाठ होती. रंधा मारताना माझी कूस कशी भरून यायची, ते तू रोज बघत होतास.

त्यांनी मला पालथं झोपवलं, पाठ बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुई आत घातली. पाणी काढून घेतलं, गाठ पुन्हा भरू नये म्हणून आत औषध सोडलं.

"श्वास रोखा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी श्वास रोखला, मनातलं नामस्मरण नाही. देवापुढे इतका सपाट मी आजवर कधी पडलो नव्हतो.

तुझी दाढ ठणकली तेव्हा तू दवाखान्यात पळालास. ते दुखणं काय शेजाऱ्यानं दिलं होतं?

गाठ कधीकधी पुन्हा भरते म्हणे. भरली तर पुन्हा जाईन.

हे पत्र तुला देणार नाही. कागद घडी घालून बाजूला ठेवता येतो, माझी तशी घडी तुला घालता येणार नाही. उद्या प्रार्थनेला तुझ्याच शेजारी बसणार आहे. सरकायचं असेल तर तू सरक.

तुझ्याच पाठचा,
धाकटा