निळ्या शर्टाची घडी

प्रिय कडक,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण तुझं खरं नाव लिहून पाहिलं, तर पत्र रजेच्या अर्जासारखं दिसायला लागलं. म्हणून तो कागद फाडला.

आमचं ऑफिस नव्या इमारतीत हलतंय. काल टेबलाचे खण रिकामे करत होतो, तर अगदी खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुझा निळा शर्ट सापडला. 'सापडला' हेही खोटंच. तो तिथे आहे हे मला चौदा वर्षं माहीत होतं. तो खण मी उघडत नव्हतो, इतकंच.

आपली ती सहा जणांची खोली आठवते का? पाच जण पायजम्यातून उठून आल्यासारखे, साहेबसुद्धा रबरी चपलांत, आणि तू एकटा पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा शर्ट खोचून, बुटांना पॉलिश करून हजर. 'काय रे, मुलगी बघायला चाललास का?' हे रोजचं होतं. ज्याला खरंच प्रोग्रॅम लिहिता येतो त्याला कपड्यांकडे बघायला वेळ नसतो, असा आमचा सगळ्यांचा ठाम समज. तुझं 'कडक' हे नाव मीच पाडलं. तू शांतपणे मला 'बोळा' म्हणालास आणि तेही चिकटलं.

मला मात्र तुझ्या इस्त्रीचं कारण माहीत होतं. एकदा तुझ्या घरी आलो होतो. पुढच्या खोलीत तुझे बाबा गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगामागे उभे होते. रोज सकाळी पहिला शर्ट तुझा, मग गिऱ्हाइकांचे. 'जगाचे कपडे कडक करतो, आणि माझा पोरगा चुरगळलेला जाईल होय?' असं म्हणून ते हसले होते. हे मी खोलीत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चेष्टा थांबली असती, आणि चेष्टेत सगळ्यात पुढे मीच होतो. माझा तो भोकाचा टी-शर्ट तरी कुठे प्रामाणिक होता? कपाटात चार बरे शर्ट असताना मी तो शोधून घालायचो. एकदा आई म्हणाली, 'अरे, फरशी पुसायला काढलेला टी-शर्ट मी तासभर शोधतेय, आणि तू तो अंगात घालून ऑफिसला!'

आपला नवा प्रोग्रॅम बघायला हॉस्पिटलची माणसं येणार होती त्याच्या आदल्या दिवशी तू हा निळा शर्ट माझ्या हातात दिलास. 'बाबांनी तुझ्यासाठी मुद्दाम कडक इस्त्री केलाय. एक दिवस तरी माणसासारखा दिस, बोळ्या.' मी हसून तो खणात टाकला आणि दुसऱ्या दिवशी भोकाचा टी-शर्ट घालून आलो.

रक्ताच्या नमुन्यांचा तो प्रोग्रॅम तुझा होता. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर जाऊच नये म्हणून प्रत्येक नमुना दोन ठिकाणी ताडून पाहायचा, ही युक्ती तुझी. तीन महिने तू त्यावर घालवलेस. मी फक्त पडद्यावरची पानं मांडली. तू पडद्याशी उभा राहून समजावत होतास. त्यांच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'तुम्ही विक्री विभागातले ना? छान सांगितलंत. आता ज्यांनी हे बनवलंय त्यांच्याशी बोलू द्या,' आणि माझ्याकडे पाहिलं. साहेब हसून म्हणाले, 'बरोबर ओळखलंत.' कुणी काय केलं हे त्यांना कधीच नीट ठाऊक नसायचं.

तू माझ्याकडे बघितलंस. 'हे त्याचं काम आहे' एवढं म्हणणं पुरलं असतं. मी उठलो आणि उत्तरं दिली. बरोबर दिली, कारण आदल्याच दिवशी जिन्यात बसून तू मला ती सगळी समजावली होतीस. तू बाजूला सरकलास, रिमोट माझ्या हातात ठेवलास आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसलास. मी रोज वही लिहितो, तुला ठाऊक आहे. त्या दिवसाचं पान काल काढून पाहिलं. 'सादरीकरण छान झालं. पाहुणे खूश.' संपलं. स्वतःच्या वहीतसुद्धा मी तुझं नाव लिहिलं नाही.

आठवड्याभरात साहेबांनी तुला गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या विभागात पाठवलं. म्हणे, इतका नीटनेटका माणूस आत कशाला कोंडायचा! तू मला विचारलंस, 'मी साध्या कपड्यांत यायला हवं होतं का रे?' मी म्हणालो, 'तिकडे फिरायला मिळतं, मजा कर.' आठ महिन्यांनी तू नोकरी सोडलीस. निरोपाच्या दिवशी मी रजेवर होतो. आजारी नव्हतो.

आता हे आजच का, ते सांगतो. तो प्रोग्रॅम येत्या गुरुवारी बंद होतोय. चौदा वर्षांत एकही अहवाल चुकीच्या नावावर गेला नाही, म्हणून ज्याने तो बनवला त्याचा हॉस्पिटलमध्ये सत्कार आहे, आणि तो माणूस म्हणून त्यांनी पत्रिकेत माझं नाव छापलंय. आज सकाळी मी साहेबांना सगळं लिहून कळवलं. मगच तुला लिहायला बसलो, कारण आधी तुला विचारलं असतं, तर तू 'जाऊ दे रे' म्हणाला असतास आणि मी ते आनंदाने ऐकलं असतं. तरी गुरुवारी बोलायला मीच उभा राहणार आहे. तुझं नाव सगळ्यांसमोर घ्यायचंय. तू यावंस असं वाटतं, पण ये म्हणायची हिंमत नाही. हॉस्पिटलची माणसं येऊन गेली त्या संध्याकाळी तुझ्या बाबांनी 'शर्ट शोभला का मित्राला?' असं विचारलं होतं आणि तू 'हो, छान दिसला' म्हणालास, हे तूच मला नंतर सांगितलंस. शर्टाच्या घड्या अजून धारदार आहेत. अशा मला पुन्हा घालता येणार नाहीत. पोटावरची दोन बटणं बहुतेक लागणार नाहीत आणि लोक हसतील. तरीही गुरुवारी मी त्याची घडी मोडणार आहे.

तुझाच,
बोळा