सलग भिंत

रविवार, १९ ऑक्टोबर

चि. गोट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं पूर्वी तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरूनच कळायचं. आता मधे गॅरेज आलं, म्हणून विचारते. शेजारच्या घरातल्या भावाला पत्र कसलं, म्हणून हसशील. हस बापडा. समोर आले तर रडं पुढे धावेल आणि बोलणं मागे राहील.

आधी कामाचं. गॅरेजच्या छतात थंडी अडवणारी काचलोकर भरून झाली, मागची भिंतही झाली. मोठ्या दाराभोवतीच्या फटी बुजवल्या. सुताराने दोन ठिकाणी लोकर कोंबली होती, ती काढून पुन्हा भरली. दाबली की तिची ऊब जाते, हे तुझे भाऊजी मला शिडीवरून ओरडून सांगायचे. खाली शिडी धरता धरताच मी हे काम शिकले. तीन गाड्या, तुझं अवजारांचं टेबल, सगळं ऐसपैस मावेल आणि ऐन थंडीत तुला तिथे स्वेटर लागणार नाही.

नकाशा काढायला माझ्याकडे बसलो होतो, आठवतं? माझ्या ताटातलं उचलत म्हणालास, "ताई, तुझ्या बाजूलाही एक दार ठेवू. बर्फात गुडघा सांभाळत यायला नको. गॅरेजातून थेट आमच्या जेवणघरात!" त्या दारापायी मी माझं बाजूचं अंगण दिलं, कपडे वाळवायची दोरी सोडली. सख्ख्या भावाकडून कागद कोण मागतं?

परवा सुताराला विचारलं, "माझ्या दाराची चौकट कधी बसवतोस रे?"

"कुठलं दार, ताई?"

"माझं."

तो हातोडी शोधायला लागला. हातोडी त्याच्या कमरेलाच होती. मग म्हणाला, "साहेबांनी पाया घालतानाच सलग भिंत सांगितलीय. या बाजूला लोकर दुप्पट. तिकडचं बोलणं इकडे यायला नको म्हणाले."

दुप्पट कशाला, ते तुझ्या बायकोने मला आधीच सांगितलं होतं. "गाड्यांच्या आवाजाने तुमची झोपमोड नको, ताई." मी वेडी! मावशीला फोन करून कौतुक केलं, भावजय मिळावी तर अशी. केसाने गळा कापतात म्हणे. तू तर तो केसही माझ्याकडूनच विंचरून घेतलास.

मी फार बोलते, मला माहीत आहे. तुझे भाऊजी गेल्यापासून रेडिओशीसुद्धा भांडते. न सांगता तुमच्याकडे येऊन बसते, भाजीत मीठ कमी म्हणते. हे तोंडावर सांगितलं असतंस तर दोन दिवस फुगून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी हसत आले असते. दार नको म्हणाला असतास तरी अंगण दिलं असतं रे. तुला कधी कशाला नाही म्हटलंय मी?

पण पाया घातल्यावरही रोज माझ्या हातचा चहा पीत होतास. "दाराला रंग कुठला देऊ, ताई?" असं विचारलंस. मी पिवळा म्हटलं. तू मान डोलावलीस.

परवापासून चहाला आला नाहीस. सुताराने सांगितलं असणार.

आता माझ्या बाजूच्या भिंतीचं. सगळे कप्पे भरलेत, सांगितलंस तसे दुप्पट, न दाबता. रागापायी काम बिघडवणारी मी नव्हे. फक्त दाराच्या रुंदीएवढा भाग मोकळा ठेवलाय. बुधवारी सुतार आतून फळ्या ठोकणार. तिथे लोकरच हवी असेल तर तीही मीच भरीन, माझ्या हाताने. पण तसा निरोप सुताराबरोबर नको, बायकोबरोबर नको. तू ये, समोर बस आणि म्हण, "ताई, भर."

अंगणातली वाट आता राहिली नाही. रस्त्याने वळसा घालून यावं लागेल. मलाही तसंच यावं लागतं.

चहा ठेवीन.

तुझी,
तिकडची ताई