मार्चची बिनपगारी रजा

१ फेब्रुवारी
ठराव: यंदा टॅक्सचं सगळं मी स्वतः बघणार. आजवर मास्तर बघायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला चिडवायला मास्तर म्हटलं, गणित शिकवायचे म्हणून, आणि तेच नाव राहिलं. गेल्या मे महिन्यात ते गेले. मी आता सावरलेय. सगळे तसं म्हणतात, म्हणजे सावरलेच असणार.
टॅक्समधलं मुख्य डोकं तसं माझंच. मार्चचा पगार घेतला की माझं उत्पन्न वीस टक्क्यांच्या रेघेपलीकडे जातं. मग सगळ्या उत्पन्नावर दहाऐवजी वीस! म्हणून दर मार्चला मी बिनपगारी रजा घेते आणि रेघेच्या अलीकडे राहते. मास्तर रिटायर झाले त्या वर्षी ही युक्ती सुचली. ऐकून ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, असं डोकं आमच्या अख्ख्या स्टाफरूममध्ये नव्हतं."

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. 'दवाखान्याची मॅनेजर हो,' म्हणाल्या. पगारवाढ, वेगळी खोली, दारावर नावाची पाटी. इतकी वर्षं डोळे तपासायच्या मशीनपाशी पेशंटना 'हनुवटी इथे टेकवा' म्हणत आले, त्याचं चीज झालं. अट एकच: मार्चमध्ये रजा नाही, नवीन मशीन येतंय.
मनात हसू आलं. डोळ्यांची एवढी मोठी डॉक्टर, पण टॅक्सची रेघ दिसत नाही. विचार करते म्हटलं. विचार कसला करायचाय?

१२ फेब्रुवारी
डबा खाताना काउंटरवरच्या मुलीला टॅक्सचा स्लॅब समजावला. दवाखान्यात सगळ्यांत लहान, म्हणून तिला मी धाकटी म्हणते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ताच दाखवला. म्हटलं, तू खालची ओळ वाचायला गेलीस की वरची सगळी अक्षरं पुसट होतात, टॅक्सचं तसंच आहे. ती म्हणाली, "पण ताई, वरची कशाला पुसट होतील? ती तर आधीच वाचून झाली ना."
गोड मुलगी आहे. गणित कच्चं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर पट्टी उगारून सांगायच्या, प्रश्न दोनदा वाचा. हिला असं कोणी सांगितलेलं दिसत नाही.

१५ फेब्रुवारी
नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की. ती जागा धाकटीला देणार म्हणे. बिचारी, पस्तावेल.
रजा मंजूर. येताना रंगाचा डबा घेतला. दर मार्चला आम्ही घरातली एक खिडकी रंगवायचो. म्हणजे मास्तर रंगवायचे आणि मी स्टुलावर बसून पेपर मोठ्याने वाचायची. मधेच चहा, मधेच पत्ते, मधेच भांडण. यंदा स्वयंपाकघराच्या खिडकीचा नंबर. गेल्या वर्षीच लागायचा होता, पण मास्तरांना उभं राहवत नव्हतं. मग आम्ही नुसतेच त्या खिडकीशी बसून असायचो, रंग कुठला द्यायचा यावर वाद घालत.
दर वर्षी म्हणायचे, मार्च फार लहान महिना आहे. गणिताचा माणूस, आणि असं बोलणं.

२३ फेब्रुवारी
टॅक्स भरायचं कॉम्प्युटरवर उघडलं. रेघेपलीकडचं उदाहरण करून पाहिलं. मी रजा घेतली नसती तर किती टॅक्स लागला असता, ते. आकडा फारच कमी आला. पुन्हा केलं. तोच. कॉम्प्युटर बिघडलाय.
'वैवाहिक स्थिती'पुढे नवीन शब्द निवडावा लागला. डोळ्यांत पाणी आलं ते स्क्रीनमुळे. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला एवढं कळतं.
उद्या हातच्याला फोन करीन. मास्तरांचा जुना विद्यार्थी. बेरजेत हातचा धरायला हमखास विसरायचा, म्हणून घरात त्याचं नाव हातचा. आता लोकांचे टॅक्स भरतो. त्याला कॉम्प्युटरची तक्रार सांगते.

२६ फेब्रुवारी, दुपार
हातच्याच्या ऑफिसात गेले. त्याने टेबलावर तीन पेले मांडले आणि जगमधून पाणी ओतायला लागला. पहिला भरला, त्यावर टॅक्स नाही. सांडेल ते दुसऱ्यात, त्यावर दहा. दुसराही भरला की उरलेलं तिसऱ्यात, आणि वीस टक्के फक्त त्या तिसऱ्यातल्या पाण्यावर. आधीच्या पेल्यांना कोणी हात लावत नाही. मग तिन्ही पेले परत जगमध्ये ओतले. म्हणाला, शेवटच्या थेंबावरचा दर वीस, पण सगळं मिळून बघितलं तर तुम्हाला शंभराला सात पडतात, काकू.
मी म्हटलं, मग माझी रजा?
तो टेबल पुसत बसला. कोरडं झालं तरी पुसत होता. "शंभरातले वीस वाचवायला तुम्ही दर वर्षी शंभर सोडत होता."
मास्तरांना हे माहीत नव्हतं, असं मी म्हटलं. प्रश्न नव्हता तो. त्याने उत्तर दिलं.
"मी पहिल्याच वर्षी बोललो होतो सरांना. सर म्हणाले, गप्प बस. तिला बरोबर उत्तर कळलं तर माझा मार्च जाईल."
पुढे म्हणाला, गेल्या वर्षी सरांनी बजावलं होतं, मी गेल्यावर सांग तिला, पण फेब्रुवारी लागायच्या आत. त्याचा धीर झाला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला.
हातचा धरायला विसरला. पुन्हा.

२७ फेब्रुवारी
भयंकर संतापले आहे. उत्तराखाली रेघ मारली नाही म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापणारा माणूस! आणि घरात सात वर्षं चुकीचं गणित चालू दिलं. वर म्हणे, असं डोकं नव्हतं. बरोबरच आहे.
सकाळी दवाखान्यात गेले. माझ्या 'नाही'चं 'हो' करायचं ठरवून गेले होते. मॅनेजरच्या खोलीवर धाकटीची पाटी लागली होती. छान दिसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रजा रद्द करायचीय का? तुमच्या जागी महिनाभरासाठी बदली मुलगी ठेवलीय, पण बघू काहीतरी. मी म्हटलं, नको, घरी टॅक्सचं काम आहे.
टॅक्स कालच हातच्याने भरून टाकला.

१ मार्च
रजा सुरू.
ठराव: शेवटच्या पेल्याचा दर सगळ्यावर लावायचा नाही. मे महिना वेगळा धरायचा. बाकीची वर्षं एकत्र जगमध्ये ओतून बघायची. सकाळी चहा घेताना हे लिहिलं आणि फार बरं वाटलं.
दहा वाजता जुने पेपर अंथरले. खिडकीची काच पुसली. स्टूल जागेवर ठेवलं.
रंगाच्या डब्याचं झाकण निघत नाही. चमचा वाकला. झाकणं मास्तर काढायचे.
दवाखान्यात फोन केला, काही अडलंय का विचारायला. धाकटी म्हणाली, सगळं व्यवस्थित आहे ताई, तुम्ही आराम करा.
मग स्टुलावर बसून पेपर मोठ्याने वाचला. पहिलं पान. तेवढंच झालं.
मार्चला एकतीस दिवस असतात. आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं.