साठाच्या पुढे न जाणारा काटा

मंगळवार, ४
काटा साठावर अडला! ह्यांनी हौसेनं आणलेला हवेचा कॉम्प्रेसर. दाब भरायला हवा एकशेवीसपर्यंत, भरतोय साठ. मी आतून “अरेरे!” म्हटलं. जरा जास्तच गोड म्हटलं बहुतेक.

खरं इथेच लिहिते — टाकीच्या तळाशी, साचलेलं पाणी काढायला, एक छोटा नळ असतो. तो मीच सैल केलाय.

दाब भरला की माझ्या आईचं सागवानी कपाट रंग फवारून पांढरंफेक होणार. “नव्यासारखं करून देतो तुला!” निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस शीळ घालत उठतोय. नको म्हणू कशी? पण त्या दारावर आईचा हात लागून लागून एक जागा गुळगुळीत झालीय. आई गेली, तेवढीच राहिली. तिच्यावर रंग? छे!

बुधवार, ५
साबणाचं पाणी लावून गळती शोधणं चालू. जोड, पाइप, वरची झडप — एक बुडबुडा नाही. ह्यांची कंबर धरलेली. “खालचं तू बघ गं.” चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! नळापाशी बुडबुडे भसाभसा.
“खाली काही नाही हो!”
“मग सूं सूं कुठून येतंय?”
“तुमच्या कानातून.”

गुरुवार, ६
फिल्टर बदलला. साठ.

शुक्रवार, ७
कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला. पिस्टनची रिंग गेली म्हणाला, नवी बसवली. साठच! टाकीखाली वाकणार, तेवढ्यात मी चहा पुढे केला. तीनदा वाकायला गेला, तीन कप प्यायला. बिचारा!

शनिवार, ८
सकाळी शीळ नाही. हत्यारं डब्यात भरता भरता हे म्हणाले, “माझ्या हातून आता काही नीट होत नाही बघ.”
लाज वाटली. दुपारी हे आडवे झाल्यावर जाऊन नळ घट्ट पिळला. रंगवू दे. मग कपाटाच्या दारावर हात ठेवून पोटभर रडले.

रविवार, ९
साठ! खाली पाहते तर नळ उघडा. मी नाही हो उघडला!
हे भिंतीला धरून वाकडे उभे. “काल झोपलो नव्हतो. तोंडानं सांगायचं ना, वेडे! आता शेकायची पिशवी आण. वाकलो तो वाकलोच.”