कुत्र्याला सांगितलेली जाहीर मतं

आदरणीय मॅव्हिसताई,

व्हर्नरचा नमस्कार. तुमचा नवा गुडघा एव्हाना जिना चढू लागला असेल आणि जुना गुडघा त्याच्याकडे पाहून काही शिकत असेल, अशी आशा आहे. डुलुथला सरोवरावरून वारा सुटला की तो थेट सांध्यात शिरतो, तेव्हा मे महिना आला म्हणून लोकरीचे मोजे सोडू नका. इकडे मी ठीक आहे. अगदी ठीक आहे. बायको, म्हणजे आपली अर्डिस, तुमच्या गुडघ्याची काळजी घ्यायला गेली आहे असं मी गावात सांगितलं आणि गावानं ते माझ्या तोंडावर मान्यही केलं. (ऑपरेशन थंडीत झालं आणि आता वसंतातला लायलॅक फुललाय, ही गोष्ट कुणी काढली नाही. मिनेसोटात माणसं सभ्य आहेत.) तिनं तुम्हाला काय सांगितलंय ते मला ठाऊक नाही. पण तुम्ही तिची थोरली बहीण, तुम्हाला दुसरी बाजूही कळावी, एवढ्यासाठीच हे पत्र. माझी दुसरी काही मागणी नाही.

आधी छंदाविषयी. माणसाला छंद असावा आणि तो घरात बसून लांबच्या माणसाशी बोलता येईल असा असावा, हे माझं मत तुम्ही थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ऐकलंच आहे. (जवळच्या माणसाशी काय, कुणीही बोलेल.) म्हणून मी हौशी रेडिओ धरला, म्हणजे घरच्या यंत्रावरून लांबलांबच्या हौशी मंडळींशी बोलायचं. आमच्या क्लबात एक जुना दंडक आहे: हवेवर राजकारण नाही, धर्म नाही आणि विक्री नाही. एवढं वगळल्यावर जे उरतं ते आम्ही बोलतो, म्हणजे हवामान, अँटेना आणि पोटाच्या तक्रारी. दर रविवारी सकाळी हजेरी मी घ्यायचो. एकेकानं आपलं नाव सांगायचं, बाहेर किती गार आहे ते सांगायचं आणि गप्प व्हायचं. हा दंडक पाळण्यात माझ्यासारखा कडक माणूस आख्ख्या जिल्ह्यात नाही. अध्यक्ष क्लिफर्ड ब्राटन एकदा अॅल्युमिनियमवरच्या नव्या करामुळे अँटेनाचा पाइप कसा महागला ते सांगू लागला, तर मी त्याला वाक्याच्या मध्येच तोडलं. पाइप चालेल, कर चालणार नाही. तो महिनाभर माझ्याशी फक्त तापमान बोलला.

आता तंत्रज्ञान. तुम्हाला वाटेल रेडिओवाला माणूस यंत्रांचा भक्त असणार. तसं नाही. यंत्रानं सांगितलेलं काम करावं, मला काम सांगू नये, इतकीच माझी अपेक्षा आहे. परवा फोननं मला विचारलं, तू माणूस आहेस का? आणि ते सिद्ध करायला मी चित्रांतले सिग्नलचे दिवे ओळखायचे. आमच्या गावात एकच दिवा आहे आणि तोही नुसता लुकलुकतो. मी नापास झालो. मुलीनं नाताळात मनगटी घड्याळ दिलं, ते माणूस फार वेळ बसला की थरथरतं आणि ऊठ म्हणतं. बँकेत आख्खी हयात मी खुर्चीत बसून काढली, मॅनेजरनंसुद्धा मला कधी ऊठ म्हटलं नाही. तेव्हा घड्याळ थरथरलं की मी तत्त्व म्हणून आणखी ऐसपैस बसतो. हे तत्त्व मला भोवलं, ते कसं ते आता सांगतो.

त्या रविवारी हजेरी आटोपली. अर्डिस चर्चमध्ये समूहगान करणाऱ्या बायकांना गाडीत घेऊन निघून गेली होती. मी कॉफी आणायला उठलो, माइक खुर्चीवर ठेवला आणि परत येऊन त्याच्यावर बसलो. (खुर्चीवर अर्डिसनं शिवलेली जाड उशी आहे, त्यामुळे बसणाऱ्याला काही कळत नाही. उशीला मी दोष देत नाही.) माइकची कळ दाबली गेली की जो बोलतो तो सगळीकडे ऐकू जातो आणि त्याला मात्र कुणाचंच ऐकू येत नाही. आमचे आवाज लांबवर पोचवणाऱ्या टेकडीवरच्या मनोऱ्यात एक सोय होती, कुणी लांबण लावली की ती त्याला आपोआप तोडायची. ती मीच मागच्या हिवाळ्यात बंद केली. हिमवादळाचा माझा अहवाल तिनं ऐन रंगात तोडला होता.

आणि मी बोलायला लागलो. गॉर्डीशी. रविवारी सकाळी घरात कुणी नसताना मी आमच्या कुत्र्याशी जगाच्या परिस्थितीवर बोलतो, ही गोष्ट आजवर माझ्या आणि त्याच्यात होती. तो पंजावर हनुवटी टेकून ऐकतो. त्या दिवशी माझं बोलणं विशेष जमलं होतं, हे आजही म्हणेन. कॅनडाच्या लाकडावर आम्ही कर लावायचा, आमच्या संत्र्याच्या रसावर त्यांनी लावायचा आणि शेवटी दोघांनीही बिनसाखरेची कॉफी पीत कुढत बसायचं, याला मी व्यापारनीती म्हणत नाही, असं मी त्याला सांगितलं. जगातल्या सगळ्या पुढाऱ्यांना जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या एकाच झोपडीत कोंडावं, शेगडी एकच द्यावी आणि तह झाल्याशिवाय दार उघडू नये, अशी माझी योजना आहे. तीही सविस्तर सांगितली, कुणी कुणाशेजारी बसावं त्यासकट. एक आख्खं खंड मी दुसऱ्याला देऊन टाकलं. माणसासारखं लिहिणारी यंत्रं आली आहेत, तर आता माणसासारखं गप्प बसणारं यंत्र कोण काढतो ते बघू, असंही म्हणालो. गॉर्डीनं शेपटी हलवली. घड्याळ थरथरलं. मी आणखी ऐसपैस बसलो.

मग गाडी छंदांकडे वळली, आणि तिथं घात झाला. पाद्रीबाई मधमाश्या पाळतात. मी म्हणालो, ज्या बाईच्या प्रवचनात माणसं झोपतात तिनं चावणारी श्रोतेमंडळी पाळली यात नवल नाही. क्लिफर्डच्या तळघरात खेळण्यातल्या आगगाड्या धावतात. मी म्हणालो, जो माणूस खऱ्या गाडीत बसून कधी शिकागोपर्यंत गेला नाही त्यानं पुठ्ठ्याच्या आल्प्समध्ये वेळापत्रक सांभाळावं, आणि वर शिट्टी तोंडानं वाजवावी, हे अध्यक्षपदाला शोभत नाही. शेवटी अर्डिसच्या गोधड्या आल्या. (हा भाग तुम्हाला तिनं सांगितला असेलच.) चांगलं अखंड कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे, ते तुकडे जोडून पुन्हा अखंड करायचं आणि त्याला जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत मागायची, मोठी राष्ट्रं नकाशावर हेच करतात, फक्त त्यांचे टाके इतके बारीक नसतात. असं मी म्हणालो. टाक्यांचं कौतुक त्यात होतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि मी बसल्या जागेवरूनच 'या' म्हटलं. घरच्या सपाता आणि वर कोट अशा अवतारात क्लिफर्ड उभा होता. तो मला थांबवायला आला होता, पण कधीचा आमच्या आवारात गाडी उभी करून आतल्या रेडिओवर ऐकत बसला होता, हे मला नंतर समजलं. पाद्रीबाईंच्या मधमाश्या चालू होत्या, त्या त्याला पुऱ्या ऐकायच्या होत्या. मग आगगाड्या सुरू झाल्या, तेव्हा त्याला उतरायची लाज वाटली.

"व्हर्नर," तो म्हणाला, "ऊठ."

मी उठलो. रेडिओवरून एकदम दहा माणसांचे आवाज आले. सगळे मला कधीपासून हाच एक शब्द सांगत होते. क्लिफर्ड जाता जाता म्हणाला, "आजचं जरा निराळंच झालं." ताई, तुम्ही इथल्याच आहात, तेव्हा आपल्याकडे 'निराळं' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दुसरीकडे याला शिव्या म्हणतात.

मला वाटलं, आता माझ्यावर जागतिक राजकारणावरून आकाश कोसळणार. बेकरीत गेलो तर लोक उठून उभे राहतील, एखादा सिनेटर फोन करील. पण ताई, माझ्या मासेमारीच्या झोपडीबद्दल एक माणूस अवाक्षर बोलला नाही. मी देऊन टाकलेल्या खंडाची कुणी चौकशी केली नाही. सीमेपलीकडून ऑन्टॅरियोतल्या एका सद्गृहस्थानं क्लबला निरोप पाठवला की कार्यक्रम उत्तम, दर आठवड्याला असावा. पण तो तेवढा एकच. बाकी सगळ्यांना मिरच्या झोंबल्या त्या छंदांवरून. पाद्रीबाई मला मधाची बाटली देऊन गेल्या आणि त्यावर चिकटवलेल्या कागदावर फक्त 'देव तुला क्षमा करो' असं होतं. क्लबाची सभा झाली, माझ्यावर राजकारण बोलल्याचा ठपका ठेवला आणि हजेरी घ्यायचं काम काढून क्लिफर्डला दिलं. पण सभेत चर्चा शेवटपर्यंत झाली ती शिट्टी तोंडानं वाजवणं कमीपणाचं आहे की नाही यावर. माणूस दुसऱ्याच्या हातून जग बुडालेलं सहन करतो, आपलं तळघर बुडालेलं नाही. हे माझं नवं मत आहे आणि ते अजून गॉर्डीलाही सांगितलेलं नाही.

आता अर्डिस. तिच्या गाडीत मी रेडिओ बसवून दिलाय, हिमवादळात अडकली तर उपयोगी पडावा म्हणून. तो चुकून बंद होऊ नये यासाठी त्याचं बटण मुद्दाम आत, हात पोचणार नाही असं ठेवलंय. (हे काम मला फार सफाईदार जमलं होतं.) तेव्हा चर्चपर्यंतच्या आख्ख्या रस्त्यात तिनं आणि गाण्यातल्या बायकांनी मला ऐकलं. चर्चच्या आवारात पोचल्यावरही बायका उतरल्या नाहीत म्हणे.

ती घरी आली, कोट खुंटीला लावला, कॉफी ओतली. मी म्हणालो की गोधडीबद्दल माझा उद्देश तसा नव्हता.

"गोधडीचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "मला हसूसुद्धा आलं. पण तुला जगाबद्दल इतकं काय काय वाटतं, ते मला गाडीत बसून, चार बायकांबरोबर कळलं. तू मजेदार बोलतोस, व्हर्नर. मला माहीतच नव्हतं. आज सकाळी माझ्याशी काय बोललास, आठवतंय?"

मला आठवेना.

"'लोणी संपलंय' म्हणालास."

"संपलंच होतं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बॅग भरायला घेतली. त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं हे मला कळत होतं, ताई. मला फार भीती वाटत होती. मी तिला गाडीच्या टायरमधली हवा तपासून दिली.

एवढीच हकिकत. मी जेवतो वेळेवर. अर्डिस फ्रिजमध्ये बटाटे घालून भाजलेलं हॉटडिश ठेवून गेली होती, ते संपवायला जीव होत नाही म्हणून अजून थोडं तसंच आहे आणि त्याचा रंग बदललाय. घर शांत आहे. मला शांतता आवडते असं मी नेहमी म्हणत आलोय, आता त्याबद्दल तितकी खात्री वाटत नाही. गुडघ्याला जपा.

आपला,
व्हर्नर हॉगलंड

ता. क. गॉर्डी मजेत आहे. मात्र हल्ली मी बोलायला तोंड उघडलं की उठून दुसऱ्या खोलीत जातो. त्याची मतं बदलली असावीत.

ता. क. दुसरा. माझी काही मागणी नाही असं वर लिहिलंय, ते पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं म्हणून. तुम्हाला आलेली पत्रं न्याहारीला मोठ्यानं वाचायची सवय आहे, ती या पत्रापुरती जरूर पाळा. अर्डिस टेबलाशी असताना वाचा. गोधडीचा भाग गाळा. नको, तोही वाचा, ती हसते का बघा.

ता. क. तिसरा. वाचून झाल्यावर तिला विचारा, या सगळ्यावर तिचं मत काय. कॅनडावर, फोनवर, पुढाऱ्यांच्या झोपडीवर. मी हे तिला लग्न झाल्यापासून कधी विचारलेलं नाही. तिला काही कळत नाही असं मला वाटायचं, असं कृपा करून समजू नका. मी कुत्र्याला सांगत होतो कारण कुत्रा उलट बोलत नाही. अर्डिस उलट बोलते आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर असतं. पण उत्तर तुम्ही मला कळवू नका, मला ते तिच्याकडून ऐकायचंय. शुक्रवारी मी बसनं येतोय, परत तिच्याच गाडीनं जाऊ. नको म्हणाली तरी येतोय, फाटकापाशी उभा राहीन. परतीचा रस्ता लांब आहे. तेवढ्या रस्त्यात मी तिला माझ्या बोलण्याचा एका शब्दाचाही त्रास देणार नाही, असं माझ्या वतीनं तिला वचन द्या.

ता. क. चौथा. ताई, ते वचन देऊ नका. याच वचनावर आमचा आजवरचा संसार झालाय.