मधल्या भिंतीवरची गिटार

नाशिक रोड,
१२ ऑक्टोबर २००३

चि. मनोज,

अनेक आशीर्वाद. बंगलोरला पाऊस थांबला असेल. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. फोन न करता अण्णांनी पत्र का लिहिलं, याचं नवल वाटेल. मी फोन उचलला की तुझी आई शेजारी येऊन उभी राहते आणि काही गोष्टी तिच्यासमोर बोलता येत नाहीत.

आधी तुझ्या गिटारचं. तू गेल्यापासून ती कपाटावर आडवी पडली होती, वर दिवाळीच्या डब्यांचं ओझं. यंदा श्रावणात खाली काढली तर पिशवीला आतून बुरशी. तुझ्या वस्तूला हात लावला म्हणून चिडू नकोस, दुसरं कोण लावणार होतं? मेन रोडच्या वाद्यवाल्याकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, "काका, लाकूड अजून बरंय, पण अशी दडपून ठेवू नका. भिंतीला टांगा, नाहीतर स्टँडवर उभी करा. फक्त बाहेरची भिंत नको, ओल धरते. आणि उन्हात तर अजिबात नको." त्यानेच तारा थोड्या सैल करून दिल्या.

त्याच्याकडचा हँगर मला पसंत पडला नाही. जन्मभर प्रेसमध्ये फिटरचं काम केलं, मला एक आकडा करता येऊ नये? सळई वाकवून दोन बोटं केली, त्यावर सायकलची ट्यूब चढवली. वाद्यवाल्याला दाखवली तर म्हणतो, रबराने पॉलिश खराब होतं. मग ट्यूब काढली आणि जुन्या ब्लँकेटची पट्टी गुंडाळली. भिंतीत गुट्टी ठोकून आकडा बसवला आणि गिटार लावण्याआधी त्याला स्वतः लोंबकळून बघितलं. हसू नकोस. माझं वजन पेललं तर तुझ्या गिटारचं पेलणारच.

घरात पक्की कोरडी भिंत एकच, बैठकीतली मधली. तुझ्या आजी-आजोबांचे फोटो आहेत तीच. त्यांच्या शेजारी लावली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

खंडेनवमीला मी दरवर्षीसारखी माझी पक्कड, हातोडी, पाने पाटावर मांडून पूजा केली. संध्याकाळी बघतो तर गिटारला झेंडूचा हार. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. माझ्या हत्यारांबरोबर तुझंही हत्यार तुझ्या आईने पुजलं, असं मी समजलो. तिला तसं बोलूनही दाखवलं.

दसऱ्याला शेजारी बिलकिस भाभींकडे सोनं द्यायला गेलो, तर त्यांचे डोळे भरलेले.

"भाऊ, एवढी मोठी गोष्ट झाली आणि आम्हाला सांगितलं पण नाही? वहिनी बोलल्या, मनोज गेला."

"गेला म्हणजे बंगलोरला गेला, भाभी. चार वर्षं झाली की त्याला."

"नाही हो भाऊ. त्यांनी मला हार दाखवला. किती रडत होत्या!"

मनोज, आम्ही ठीक आहोत असं वर लिहिलं, ते खरं नाही. वर्षभर तुझ्या आईचं विसरणं वाढतंय. आधी चष्मा, किल्ल्या, चहात साखरेऐवजी मीठ. मी थट्टेवारी न्यायचो. मग पंचवटीच्या भाजीबाजारात, जिथे ती लहानपणापासून जाते, तिथे तिला घरी यायचा रस्ता सापडेना. डॉक्टर म्हणाले, हे थांबणार नाही. मी तुला कळवलं नाही. तू आईच्या आजारपणापायी येऊ नयेस, मनाने यावंस, असा माझा हट्ट.

भाभींकडून आलो आणि तिला विचारलं, "असं कसं बोललीस?" तिने शांतपणे उत्तर दिलं, "मग फोटोंच्या रांगेत त्याची वस्तू का लावलीत? तुम्हीच तर ठोकलंत." चार वर्षं येईल त्याला ती "मनोज गेला" हेच सांगत आली. कुठे गेला, तेवढं तिच्या डोक्यातून निसटलं. उरलेलं मी भिंतीवर टांगून ठेवलं होतं. मला त्या रात्री रडू आलं. तुझ्यापासून काय लपवायचं?

दुसऱ्या दिवशी हार काढला, गिटार उतरवली. पाईप कापून स्टँड केला. मांजराच्या धक्क्याने पडू नये म्हणून खाली पाय रुंद दिले, मान टेकते तिथे पुन्हा ब्लँकेटची पट्टी. तुझ्या कॉटशेजारी उभी करून ठेवली, आत्ताच कुणी वाजवून ठेवल्यासारखी. तिने बघितलं आणि रडणं थांबलं.

पण आता ती तुझी वाट बघते. तिच्या लेखी तू कोपऱ्यावर गेलायस, येशील इतक्यात. संध्याकाळी तीन ताटं घेते आणि तू आल्याशिवाय घास घेत नाही. तो मित्राकडे जेवून आला, झोपला, असं काहीबाही सांगून मी तिला दोन घास भरवतो. रडत होती तेव्हा निदान जेवत होती.

दिवाळी जवळ आलीय. तू ये. तू जाताना झालेल्या आपल्या भांडणात कोण चुकलं, ते आल्यावर सावकाश ठरवू, नाहीतर नाहीच ठरवलं तरी चालेल. डॉक्टर म्हणतात, ती अजून चेहरे ओळखते. 'अजून' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आत्ता ती माझ्याजवळ येऊन बसली. "कुणाला लिहिताय?" म्हणाली. मी तुझं नाव सांगितलं, तर किती दिवसांनी हसली.

"काहीतरीच तुमचं! कोपऱ्यावर गेलेल्या पोराला कुणी पत्र लिहितं का? भात गार होतोय. हाक मारा त्याला."

मारतोय रे.

तुझे,
अण्णा